ओरेके आणि कोंडलेला उंट

ओराजबाय हे त्यांचं पूर्ण नाव. पण वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला आमच्याकडे पूर्ण नावाने हाक मारत नाहीत, म्हणून सगळ्या गावाचे ते ओरेके. जन्म कोळशाच्या खाणीत गेला. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पापण्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ होती आणि ती कुठल्याच साबणाला दाद देत नव्हती. बुद्धिबळात त्यांना सुरुवात एकच ठाऊक, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. दुसरं काही खेळून बघा म्हटलं की म्हणायचे, खाणीत उतरायला एक तोंड पुरतं, पटावर दहा कशाला लागतात?

खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनाच्या तळघरात बुद्धिबळाचा अड्डा आहे, तो मी सांभाळते. वर जिथे नाटकं व्हायची तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. तळघर कुणाला नको होतं, म्हणून आमचं राहिलं. पट मांडायचे, घड्याळांना किल्ली द्यायची, चहाच्या समोवारात पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि म्हाताऱ्यांची भांडणं मिटवायची, एवढं माझं काम. तरुणपणी बायकांच्या स्पर्धांतून मी बरी खेळायचे, त्यामुळे ही मंडळी माझ्या तोंडी लागताना जपून असतात. तरीही कुणी फार शहाणपणा केला तर त्याला मी बिनदुधाचा चहा देते. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

समोरच्यानेही राजापुढचं प्यादं दोन घरं घातलं की ओरेके खूश व्हायचे. मग मोकळा पट, घोडे बाहेर, उंट बाहेर, धरा आणि मारा. पण कुणी तेच प्यादं बिचकत एकच घर पुढे सरकवलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. त्याला फ्रेंच बचाव म्हणतात. काळा एक घर सरकतो, मग वजिरापुढचं प्यादं दोन घरं घालतो, पांढरा उतावीळपणे पुढे घुसतो आणि मधोमध प्याद्यांची भिंत उभी राहते. काळ्याचा राजा भिंतीआड सुखरूप. मात्र त्याचा एक उंट, वजिराच्या बाजूचा, आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. ओरेके म्हणायचे, हा काय खेळ झाला? हे तर घरात लपून बसणं.

त्यांचा मुलगा दाउरेन खाणीत विजेचं काम करायचा. एकुलता एक. बुद्धिबळाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. रविवारी संध्याकाळी वडिलांना न्यायला यायचा, दारातच उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलायचा आणि टरफलं माझ्या कुंडीत टाकायचा. मी ओरडले की थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणायचा, "आपाय, खत घालतोय." बापाला हाताला धरून नेताना मात्र असा न्यायचा की बघत राहावं.

ज्या शरदात खाणीत स्फोट झाला, त्या शरदात दाउरेन खाली होता. स्फोटामागून आग लागली. खोल गेलेल्या त्या भागात आग विझेना, वायू वाढत चालला, आणि वरून हुकूम आला की तो भाग भिंत घालून बंद करा. हवा तोडली की आग मरते. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि हवा तोडली की आणखी काय मरतं तेही. भिंत झाली. तिच्या पलीकडे आठ माणसं राहिली. तो भाग पुन्हा उघडला गेलाच नाही.

आमच्याकडे मृत्यूची बातमी धाडकन सांगत नाहीत. गावातले जाणते घरी येतात, बसतात, चहा घेतात, आणि आडून आडून कसली तरी गोष्ट सांगू लागतात, हरवलेल्या पाखराची, आटलेल्या झऱ्याची. ऐकणारा हळूहळू समजत जातो. शेवटचा शब्द सांगणाऱ्याने उच्चारायचाच नसतो. याला आम्ही 'ऐकवणं' म्हणतो. ऐकवलं की मग घरातल्या बायका विलाप सुरू करतात, त्याआधी नाही. दाउरेनची बातमी ओरेकेंना कुणी ऐकवली नाही. खाणीच्या फाटकावर नावांचा कागद चिकटवला होता, तो त्यांनी गर्दीत टाचा उंच करून वाचला. जाणत्यांचं आपसांत जमेना. ज्याचं मरण कुणी पाहिलं नाही, ज्याला माती दिली नाही, त्याची बातमी कुठल्या तोंडाने ऐकवायची, असं एक म्हणायचा, दुसरा म्हणायचा, आता कागदच लागला, आणखी काय ऐकवायचं? घोळ घालत बसले आणि कुणीच गेलं नाही. मला त्यांचा आजही राग येतो.

ओरेकेंनी मग घरात सांगून टाकलं, मला कुणी येऊन ऐकवत नाही तोवर या घरात विलाप होणार नाही, मौलवी येणार नाही, वर्षाचं जेवण होणार नाही. कुलाश-जेंगेंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मान खाली घातली. त्या घरातून रडण्याचा आवाज आला नाही. मी भेटायला जायचे तेव्हा त्या मला पिठाचे तळलेले गोळे, बाउरसाक, वाढायच्या आणि गुडघेदुखीबद्दल बोलायच्या. मला ते बघवायचं नाही.

"मला एकच गोष्ट कळली पाहिजे," ओरेके मला एकदा म्हणाले. "भिंत घातली तेव्हा तो जिवंत होता की नव्हता. जे काही असेल ते ऐकवा. मी मोडायचा नाही."

आणि हे ज्याला ठाऊक असायला हवं तो माणूस वसंतात आमच्या अड्ड्यावर आला. एवाल्ड कार्लोविच. जर्मन. याच्या आईबापांना युद्धात, शत्रूच्या जातीचे म्हणून, सरकारने रेल्वेच्या डब्यांत भरून आमच्या माळावर आणून सोडलं होतं. हा इथेच जन्मला, इथलंच मीठ खाऊन वाढला. नंतर भाऊबहिणी सगळे जर्मनीला गेले, हा राहिला. खाणीत तो हवेचा मुकादम होता. कुठल्या बोगद्यात किती वारा सोडायचा, कुठे दार लावायचं, ते त्याच्या हातात. भिंत त्याच्याच माणसांनी घातली, तो स्वतः तिथे उभा होता. चौकशीत त्याच्यावर काही आलं नाही. तरी त्याने काम सोडलं.

तो दारातून आत आला तेव्हा सगळ्या पटांवरचे हात थांबले. तो कोपऱ्यातल्या रिकाम्या पटापाशी जाऊन बसला. मी त्याच्यापुढे बिनदुधाचा चहा आदळला. त्याने आभार मानले आणि मुकाट्याने प्यायला. मग ओरेके आपल्या जागेवरून उठले, चालू डाव तसाच टाकला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. आता काय होतंय म्हणून मी समोवारापाशी घट्ट उभी राहिले. ओरेकेंनी राजापुढचं प्यादं दोन घरं घातलं. कार्लोविचने आपलं एकच घर सरकवलं.

मी घड्याळ नेऊन ठेवलं तर कार्लोविचने ते हलकेच बाजूला केलं. "घड्याळ नको. ओरेके, तुम्हाला घाई आहे का?"

"मला कसली घाई?" ओरेके म्हणाले.

तो डाव दुपारभर चालला आणि ओरेके हरले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कार्लोविच एकेका खेळीला इतका वेळ घ्यायचा की बघणाऱ्याला जांभया याव्यात. मध्येच उठून छताजवळच्या छोट्या खिडकीपाशी जायचा, परत यायचा, एक प्यादं एक घर हलवायचा. अड्ड्यावरच्या कुणीतरी एकदा टोमणा मारला की उद्या हे भवन कोसळलं तरी या दोघांचा डाव ढिगाऱ्याखाली चालू राहील. बोलून गेल्यावर त्यालाच कळलं आपण काय बोललो, आणि तो उरलेली दुपार गप्प बसला.

ओरेके ताकाला जाऊन भांडं लपवत होते. ज्या एका प्रश्नासाठी त्या माणसासमोर बसत होते तो ओठांवर यायचा नाही. येणार कसा? ऐकणाऱ्याने विचारायचं नसतं, सांगणाऱ्याने यायचं असतं, अशी आमची रीत. आणि समोरच्याने तर तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

मग एका दिवशी, रविवार नसताना, ओरेके एकटेच आले. मी काचेवरची काजळी पुसत होते. त्यांनी पट मांडला, प्याद्यांची ती भिंत उभी केली आणि आतल्या उंटावर बोट ठेवलं.

"बाल्झान, हा माणूस आपल्याच उंटाला का कोंडतो?"

"बचावच तसा आहे, ओरेके. राजापुढे पक्की भिंत हवी तर कुणीतरी तिच्यामागे अडकणारच. फुकट काय मिळतं?"

"आणि हे त्याला ठाऊक असतं?"

"पहिल्याच खेळीला."

"मग तो उंट मेला असं धरायचं?"

"मेला कुठे? जागेवर असतो की. वाट बघतो. कधी कडेने वाट निघते, कधी डाव संपेपर्यंत निघत नाही."

मी बुद्धिबळाबद्दल बोलत होते. ते मुळीच बुद्धिबळाबद्दल विचारत नव्हते. खुर्चीवर नीट बसून त्यांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. पांढऱ्याने काय करावं? मी म्हटलं, घुसू नये. या बचावाला जो घाईने भिडतो त्याचा पायाच आधी ढासळतो. आपलं मधलं प्यादं टेकू देऊन धरून ठेवावं आणि बसावं. बघावं की तो त्या उंटाचं काय करतो, कारण सगळा बचाव अखेर त्या एका उंटाच्या प्रश्नावर येऊन थांबतो. ओरेके मान हलवत होते. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "तो मला ऐकवतोय."

मी फडकं खाली ठेवलं. "ओरेके, तो जर्मन आहे. त्यांच्यात असली बातमी फोनवर सांगून मोकळे होतात."

"इथे जन्मला, इथे केस पिकले. एवढं शिकला नसेल? तोंडाने सांगवत नाही, म्हणून पटावर सांगतोय. दर खेपेला तेच. भिंत, आणि भिंतीमागे एकजण. तूच बघ."

मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. कारण लहानपणी मी स्वतः पाहिलं होतं, आजोबा गेल्याची बातमी जाणत्यांनी आजीला तुटलेल्या खोगिराची गोष्ट सांगून ऐकवली होती. खोगिराने सांगता येतं तर उंटाने का नाही? मी त्यांना वेड्यात काढलं खरं, पण पुढच्या रविवारी माझीही नजर त्या उंटावरच. हळूहळू अड्ड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना ही लागण झाली. कार्लोविचचा हात पटाच्या त्या कोपऱ्याकडे गेला की माणसं श्वास धरायची. कार्लोविचला काय वाटत असेल देव जाणे. त्याने मान वर करून आमच्याकडे कधी पाहिलंच नाही.

बदल ओरेकेंच्या खेळात दिसू लागला. घुसणं बंद झालं. मधलं प्यादं ते सांभाळू लागले, घोडे मागे ठेवू लागले, थांबायला शिकले. त्या बचावाला त्यांच्याइतकं आमच्या अड्ड्यावर कुणी ओळखत नसेल. एकदोनदा जिंकलेसुद्धा, पण जिंकल्याचा आनंद तोंडावर नसायचा. उंट आतच राहिलेला असायचा. अशा रविवारी ते घरी जाताना पाय ओढत जायचे. "अजून सांगत नाही," म्हणायचे, "धीर होत नाही त्याचा."

त्यांचे डाव सुरू झाल्यापासूनचा दुसरा हिवाळा आला. कोळशाच्या धुराने गावात बर्फही काळंच पडतं म्हणायचं. जानेवारीतल्या एका रविवारी ओरेकेंनी आपला उंट देऊन कार्लोविचचा घोडा मारला. कार्लोविचने उंट प्याद्याने परत मारला. त्या मारामारीत काळ्याची कडेकडे जाणारी तिरकी ओळ मोकळी झाली. दोनचार खेळ्या इकडच्या तिकडच्या झाल्या, आणि मग कार्लोविचने तो उंट उचलला, सगळ्या जन्मात न हललेला तो उंट, आणि पटाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला. तिथून थेट ओरेकेंच्या राजाच्या दारापर्यंत तिरकी वाट साफ होती.

ओरेके त्या उंटाकडे बघत राहिले. मग उठले. टोपी घातली, कोट घातला.

"ओरेके, खेळी तुमची आहे," कार्लोविच म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क काकुळती होती. "एवढ्यात कुठे निघालात? अजून उजेड आहे."

ओरेके जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाश-जेंगेंचा फोन आला. ओरेके पहाटेच घराबाहेर पडले होते. सोबत फावडं, पहार, दोर आणि दाउरेनच्या बिछान्यावरचं नमद्याचं जाड पांघरूण. कुठे जातो ते सांगितलं नव्हतं. मला मात्र माझेच शब्द आठवले, कधी कडेने वाट निघते. आमच्या खाणीचं जुनं हवेचं भुयार गावाबाहेर माळावर आहे, खाणीच्या कडेला, केव्हाचं बंद पडलेलं. तिथली वाट नक्की ठाऊक असलेला आणि गाडी असलेला माणूस एकच होता. त्याच्या दारात जायला मला जड गेलं, पण गेले. कार्लोविचने पुरतं ऐकूनही घेतलं नाही, किल्ली घेऊन जिना उतरू लागला.

ओरेके तिथेच होते. भुयाराच्या तोंडावर काँक्रीटची फरशी घातलेली, तिच्या कडेची गोठलेली माती ते पहारीने फोडत होते. जमीन दगड झाली होती, पसाभर मातीही निघाली नव्हती. मिशीवर बर्फ धरलेलं. पांघरूण बाजूला बर्फावर नीट उलगडून ठेवलं होतं, कुणाला त्यात गुंडाळायचं असावं तसं. ते बघून मला रडू आवरेना.

"जिवंत असेल असं म्हणायला मी खुळा नाही," आम्हाला पाहून ओरेके म्हणाले. "पण इथवर आला असेल. इथून नेता येईल त्याला. तू सांगितलंस ना."

"मी काय सांगितलं?" कार्लोविच म्हणाला.

"उंट कडेने निघाला."

कार्लोविच माझ्याकडे बघू लागला. मलाच सांगावं लागलं, लाजत, चाचरत, की ओरेकेंना काय वाटलं, आम्हा सगळ्यांनाच काय वाटत होतं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"ओरेके," तो म्हणाला, "ती नुसती खेळी होती. घोडा गेला, वाट उघडली, म्हणून काढला उंट. दुसरं काही नव्हतं. इथून त्या भागाकडे वाट नाही. स्फोटाच्या कितीतरी आधी मीच बुजवून घेतलीय."

"आणि आधीचे सगळे डाव?"

"ते पण नुसते डाव."

वारा माळावरून सरळ अंगावर येत होता. ओरेकेंनी पहार टाकली. फरशीवर बसले. जवळजवळ दोन वर्षं घशात अडकलेला प्रश्न त्यांनी अखेर रीत मोडून विचारला.

"मग आता तोंडाने सांग. सरळ सांग. भिंत घातली तेव्हा ते जिवंत होते?"

कार्लोविच उभाच होता. हात कोटाच्या खिशातून काढून त्याने सरळ खाली सोडले.

"होते. भिंत अर्ध्यावर आली होती. पोती रचून झाली होती, जिप्सम ओतायचा होता. तेव्हा पाइपवर कुणीतरी ठोकू लागलं. मी ऐकलं, माझ्या माणसांनीही ऐकलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वायू चढत होता. दुसऱ्या बाजूने शंभरावर माणसं अजून वर यायची होती. मी म्हटलं, ओता."

"कोण ठोकत होतं?"

"ते कळलं नाही, ओरेके."

"किती वेळ?"

"भिंत पुरी झाली तरी थांबलं नव्हतं. नंतर आम्ही निघून आलो."

ओरेकेंनी आयुष्यभर खाण केलेली. त्यांना यातलं काहीच समजावून द्यावं लागलं नाही. मला वाटलं, आता ते पहार उचलतील. कार्लोविचलाही तसंच वाटलं असावं, कारण तो मागे सरला नाही. पण ओरेके म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मीही ओतला असता." आणि मग म्हणाले, "माफी मात्र माझ्याकडे मागू नकोस. माझ्यापाशी ती नाही."

पांघरुणावरचं बर्फ झटकून मी त्याची घडी केली. परतताना गाडीत ओरेके पुढे बसले होते. गावातली धुराडी दिसू लागल्यावर त्यांनी विचारलं, "सांगायचं नव्हतं, तर दर रविवारी यायचास कशाला?" कार्लोविचने रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाला, घरी एकट्याने बसवत नाही. मला ते खरं वाटलं नाही, पण तेव्हा खोदून विचारण्याची ती वेळ नव्हती.

त्याच आठवड्यात ओरेकेंनी कुलाश-जेंगेंना ऐकवायचं ठरवलं. जाणत्यांपैकी दोघे आता आपणहून पुढे आले, पण ओरेकेंनी त्यांना नुसतं बसवून घेतलं. म्हणाले, ज्याने ऐकलं तोच ऐकवेल. मला जेंगेंशेजारी बसवलं होतं, कोसळल्या तर धरायला. चहा झाला. मग ओरेकेंनी एका शिंगराची गोष्ट सांगितली. शिंगराचा रंग सांगितला, कपाळावरचा पांढरा ठिपका सांगितला, कळपामागून ते कसं रेंगाळायचं ते सांगितलं. कळप खिंडीतून जात होता, वरून बर्फ आलं. पुढे गेलेल्यांना वाचवायला गुराख्यांना खिंड बंद होऊ द्यावी लागली. शिंगरू पलीकडे होतं. झोपेतच होतं ते, ओरेके म्हणाले. त्याला थंडी कळलीसुद्धा नाही. एवढं बोलून ते थांबले.

जेंगेंनी एकही प्रश्न न विचारता शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि विलाप सुरू केला. गेली दोन वर्षं त्या घरात न उठलेला तो आवाज पाचव्या मजल्यावरून खालच्या अंगणापर्यंत गेला, आणि माणसं जिना चढून येऊ लागली. ओरेके भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं बाई एकदाचं, आता तरी या घराला मोकळं होता येईल.

वर्षाचं राहिलेलं जेवण मग दोन वर्षांनी घातलं. मेंढ्या पडल्या. मी आणि जेंगे मागच्या सज्जात आतडी धूत बसलो होतो, बाकीच्या बायका आत कणीक मळत होत्या. मी आपलं म्हणाले की ओरेकेंनी किती छान ऐकवलं.

"हो ना," जेंगे म्हणाल्या. "किती दिवस जुळवत होते. ठिपकासुद्धा घातला. मध्येच कसं म्हणणार, की मला ठाऊक आहे?"

माझे हात पाण्यातच राहिले.

"कार्लोविच पहिल्याच आठवड्यात आला होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की पडला नाही. "हे तेव्हा खाणीच्या फाटकावर उभे असायचे. तो दारातच बसला खाली आणि सगळं सांगून टाकलं, ठोकण्यासकट. म्हणाला, ह्यांनाही सांगतो. मी त्याला शपथ घातली, सांगू नकोस, त्यांचं काळीज फुटेल. तर विचारतो, मग मी काय करू? मी म्हटलं, पुढे कधी जमेल तेव्हा रविवारी ह्यांना घराबाहेर बसवून ठेव. जितका वेळ ठेवता येईल तितका. मला रडायचंय. हे घरात रडू देणार नाहीत."

म्हणून त्याला घड्याळ नको असायचं. म्हणून तो बचाव, ज्यात सगळं अडकून पडतं आणि डाव संपता संपत नाही. आम्ही अख्खा अड्डा उंटाकडे बघत बसलो होतो, आणि तो खिडकीपाशी जाऊन फक्त उजेड बघत होता. माझ्या त्या बिनदुधाच्या चहाची मला लाज वाटली.

"आता तरी उघडपणे रडता येईल, जेंगे," मी म्हटलं. 

त्यांनी धुतलेलं आतडं पिळून ताटात ठेवलं. "लोकांसमोर विलाप करायचा तो त्याच्या गुणांचा. उंची, हसणं, बापाला हाताला धरून आणायचा ते. पाइपवर ठोकण्याचं त्यात कुठे बसतं?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत ओरेके पाहुण्यांना बसवत होते, त्यांचा आवाज येत होता. "हे म्हणाले, झोपेतच होतं शिंगरू. माझ्यासाठी म्हणाले. मला ठोकण्याचं ठाऊक आहे हे त्यांना कळता कामा नये, बाल्झान. ते एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत आता."

"नाही कळणार," मी म्हटलं.

"मग रविवारी त्यांना येऊ दे तुझ्याकडे. कार्लोविचलाही सांग. माझं अजून व्हायचंय."

मी सांगते म्हटलं, आणि आम्ही दुसरं आतडं धुवायला घेतलं.